किडनी समजून घेताना (लेखांक १२) : हाडं दुखतात, पण कॅल्शियम थांबा!

आजचा विषय हाडांचा. डायलिसिसवरच्या रुग्णाची कंबर, टाचा, गुडघे ठणकू लागले की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘कॅल्शियम कमी झालं असेल’, आणि मेडिकलमधून गोळ्यांची पाकिटं येतात. काळजीपोटीच येतात, पण या आजारात त्या अंगाशी येऊ शकतात.

मूळ दुखणं बहुतेक वेळा फॉस्फरसपासून सुरू होतं. जास्तीचा फॉस्फरस लघवीवाटे बाहेर टाकणं आणि ‘ड’ जीवनसत्त्वाला कामाचं रूप देणं, ही दोन्ही कामं किडनीची. किडनी थकली की फॉस्फरस साचतो, ‘ड’ जीवनसत्त्व अपुरं पडतं, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं. मग मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी जाग्या होतात. रक्तातलं कॅल्शियम टिकवायचं म्हणून त्यांचं संप्रेरक, पीटीएच, हाडांच्या गंगाजळीला हात घालतं. हे वर्षानुवर्षं चाललं की हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते, आणि कॅल्शियम रक्तवाहिन्यांच्या भिंतींत आणि हृदयाच्या झडपांवर जमू लागतं. मला यातली सर्वांत मोठी काळजी या शेवटच्या गोष्टीची वाटते. हाडांचा आजार म्हणून आपण ज्याकडे पाहतो, तो हृदयाचाही असतो. म्हणूनच २००६ साली तज्ज्ञांनी खनिजं, हाडं आणि रक्तवाहिन्या यांतले बिघाड एकाच आजाराखाली आणले.

आता थोडा हिशेब. साध्या जेवणातूनही दिवसाला सुमारे ६००-७०० मिलिग्रॅम फॉस्फरस रक्तात उतरतो, म्हणजे आठवड्याला साडेचार हजारांच्या आसपास. चार तासांचं एक डायलिसिस त्यातला साधारण ७००-९०० मिलिग्रॅम काढतं. आठवड्यातून तीनदा केलं तरी मेळ बसत नाही. आपल्याकडे तर खर्चापायी अनेकांचं दोनदाच होतं. उरलेला फॉस्फरस पोटातच अडवावा लागतो आणि त्यासाठीच ‘फॉस्फेट बाइंडर’ असतात.

यातली एक गोळी कॅल्शियम कार्बोनेटची. ती जेवणाच्या घासांबरोबर घेतली, तर अन्नातल्या फॉस्फरसला बांधून शौचावाटे बाहेर नेते. रिकाम्या पोटी घेतली, तर बांधायला फॉस्फरसच नसतो आणि त्यातलं कॅल्शियम रक्तात जास्त शिरतं. गोळी तीच, वेळ चुकली की परिणाम उलटा. सेव्हेलॅमर या दुसऱ्या बाइंडर गोळीत कॅल्शियम नसतं, पण तीही जेवणासोबतच घ्यायची. डबा घेऊन कामावर जाणाऱ्यांनी गोळी डब्यातच ठेवावी.

आणि पथ्याच्या नावाखाली डाळ-उसळ पूर्ण बंद करू नका. डायलिसिसवर प्रथिनं लागतातच, आणि डाळीतला फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असल्यामुळे कमी शोषला जातो. खरा घातक आहे तो कारखान्यात मिसळलेला; तो जवळजवळ पूर्ण रक्तात जातो. पाकिटावर घटकांच्या बारीक यादीत ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे आकडे शोधा. कोला, प्रोसेस्ड चीज, सॉसेज यांत ते बऱ्याचदा सापडतील.

पीटीएच मात्र अगदी नॉर्मलवर आणण्याचा अट्टहास नको. डायलिसिसवर ते नॉर्मलच्या कमाल पातळीच्या २ ते ९ पट चालतं. फार दाबलं तर हाडांची झीज-भर थंडावते आणि तीही मोडतात. ‘ड’ जीवनसत्त्व पीटीएचला दाबतं; त्याची इंजेक्शनं शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेऊ नयेत, ती यासाठीच.

पुढच्या भेटीत कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांचे आधीचे सगळे रिपोर्ट सोबत न्या, कारण एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय हे डॉक्टरांना पाहायचं असतं. आणि घरात असलेली प्रत्येक गोळी, टॉनिकच्या बाटलीसकट, त्यांच्यासमोर ठेवा.