मोरीखालचा बाक

मोरी तुंबली की घरातील सर्वांचा रोष तिच्या खालच्या वाकड्या नळावर होतो. नळ सरळ असता तर पाणी अडले नसते, असे जाणती माणसेही म्हणतात. परंतु विद्यार्थिमित्रांनो, हा बाक मुद्दामच ठेवलेला असतो. त्याच्या पोटात सुमारे दोन इंच पाणी सदैव साचून राहते आणि गटारातील दुर्गंधीची व झुरळांची वाट अडविते. लंडनमधील अलेक्झांडर कमिंग या घड्याळकाराने १७७५ साली शौचकूपासाठी अशा बाकाचे पेटंट घेतले. पुढे हीच युक्ती मोऱ्यांनाही लागू झाली. फरशीत बसविण्याच्या अशा भांड्याला आपले कारागीर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. त्यातील ‘नहाणी’ ही आपली न्हाणीच, हे पाहून आम्हां भाषा शिकविणाऱ्यांना मोठी गंमत वाटते.

सुटीत घर बंद राहिले की हे पाणी आटते आणि परतल्यावर घरभर घाण येते. अशा वेळी कारागिराला बोलावू नये; मोरीत दोन तांबे पाणी ओतावे.

आता तुंबण्याविषयी. आम्हां गोवेकरांच्या स्वयंपाकात खोबरेल तेल आणि नारळाचे वाटप यांवाचून पान हलत नाही. खोबरेल सुमारे २४ अंशांखाली थिजते. थंडीच्या दिवसांत भांडी घासताना ते नळाच्या आतल्या अंगाला थर धरून बसते. त्यावर वाटपाचा चोथा व भाताची शिते चिकटतात आणि पाण्याची वाट दिवसेंदिवस अरुंद होत जाते. तेलकट भांडे आधी कागदाने पुसून घेतले, तर निम्मे काम तेथेच होते.

तरीही मोरी तुंबलीच, तर रबरी वाटीचा दट्ट्या घ्यावा. वाटी पाण्यात बुडालेली असावी. ती कोरडी राहिली तर हवाच दबते आणि जोर वाया जातो. पाणी दबत नाही, म्हणून हाताचा धक्का ते थेट अडथळ्यापर्यंत नेते. एवढ्याने भागले नाही तर खाली बादली ठेवून बाकाची फिरकी हाताने उघडावी व गाळ बाहेर काढावा. गाळ पुढे ढकलला तर तो पुढच्या वळणावर पुन्हा अडतो. प्लॅस्टिकच्या नळात उकळते पाणी ओतू नये, तो मऊ पडून वाकतो. बाजारी आम्लाच्या वाटेस तर जाऊच नये. आधी कोणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल, तर आम्लाशी तिचा संयोग होऊन क्लोरीन हा विषारी वायू सुटतो, आणि न्हाणीघरे तर बहुधा कोंदटच.

तडकलेल्या नळाकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात, कारण पाणी निमूटपणे जमिनीत जाते. आपल्याकडील जांभा सच्छिद्र असल्याने तेच पाणी अंगणातील विहिरीत उतरू शकते. सांध्यांना कोरडा कागद गुंडाळून ठेवावा. जेथे तो भिजेल तेथे गळती समजावी. चिंधी बांधणे ही एका रात्रीची सोय. तडकलेला तुकडा कापून नवा जोडणे हीच खरी दुरुस्ती होय.

सेप्टिक टाकीत मात्र कोणीही उतरू नये व कोणाला उतरवूही नये. तेथील हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो आणि माणूस शुद्ध हरपून आतच पडतो. संरक्षक साधनांवाचून माणसाकडून अशी सफाई करून घेणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तेथे उपसा करणारी गाडीच बोलवावी आणि काम होताच झाकण बसवून घ्यावे. अंगणात लहान मुले खेळत असतात.