वाहनप्रवासातील अग्निशस्त्र आणि कायदा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले. त्यामुळे निवास व प्रवास एकाच वाहनात करण्याची कल्पना राज्यात रुजू लागली. अशा वाहनात परवानाधारकास स्वतःची बंदूक बाळगता येईल काय, हा प्रश्न यवतमाळसारख्या वनसमृद्ध व राज्यसीमेवरील जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा ठरतो.

परवान्याचे स्वरूप :
अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा संविधानिक हक्क मानला जातो. भारतात मात्र ती शासनाने दिलेली सशर्त अनुमती आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र बाळगता येत नाही. मग ते घरात असो वा वाहनात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. तसेच विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा ठरविली.

परवाना व्यक्तीस मिळतो, वाहनास नव्हे. मालकाच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानुसार दुसऱ्यास शस्त्र नेता येते. परंतु ते दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा स्वतः मालकाच्या वापरासाठीच. मालकाची बंदूक गाडीत ठेवून एकटा निघालेला चालक या अपवादात आपोआप बसत नाही.

वाहनाची झडती :
कॅरव्हॅनमध्ये मनुष्य राहत असला तरी कायद्याच्या दृष्टीने ते वाहनच होय. कलम २२ नुसार घराच्या झडतीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. कलम २३ नुसार मात्र पोलीस अधिकारी वाहन थांबवून झडती घेऊ शकतो आणि शस्त्रासह वाहनही जप्त करू शकतो.

जिल्ह्यातील परिस्थिती :
राष्ट्रीय महामार्ग ४४ पांढरकवड्याहून पुढे पैनगंगा ओलांडून तेलंगणातील आदिलाबादकडे जातो. परवान्याचे क्षेत्र महाराष्ट्रापुरते असल्यास नदीच्या पलीकडे त्याचे संरक्षण मिळत नाही. याच मार्गाच्या परिसरात टिपेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करता येत नाही. परवाना वैध असला तरी हा निर्बंध लागू राहतो. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांच्या नोंदणीची तरतूद कलम ३४ मध्ये आहे.

२ नोव्हेंबर २०१८ रोजी राळेगाव तालुक्यात ‘अवनी’ (टी-१) वाघीण वाहनातून झाडलेल्या गोळीने मारली गेली. वाघिणीस ठार करण्याचा प्राधिकार ज्या नेमबाजाकडे होता, तो त्या वेळी घटनास्थळी नव्हता. गोळी त्याच्या पुत्राने झाडली. ही कृती स्वसंरक्षणार्थ होती, असे सांगण्यात आले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीने मात्र शस्त्र अधिनियमाच्या उल्लंघनाकडे लक्ष वेधले. शासकीय मोहिमेतदेखील ‘शस्त्र कोणाच्या हाती?’ हा प्रश्न टळत नाही, हे या घटनेतून स्पष्ट होते.

महाविद्यालयांशी संबंध :
जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक मेळावा तसेच शैक्षणिक संस्थेचे आवार येथे शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींनीच मनाई केली आहे. वाहनतळ हा आवाराचाच भाग असल्याने बंदूक गाडीत कुलूपबंद ठेवल्याने दोष टळत नाही. अटभंगास कलम ३० अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

निष्कर्ष :
परवानाधारकाने प्रवासापूर्वी तीन बाबी तपासणे आवश्यक आहे : परवान्याचे क्षेत्र, मार्गावरील निषिद्ध स्थळे आणि शस्त्र प्रत्यक्ष कोणाच्या ताब्यात राहणार. यांपैकी एकही बाब दुर्लक्षित राहिल्यास कायदेशीर शस्त्र बेकायदेशीर ठरण्यास जिल्ह्याची सीमा किंवा अभयारण्याचे प्रवेशद्वार ओलांडणे पुरेसे असते. म्हणूनच कायदेसाक्षरतेचा हा विषय महाविद्यालयीन स्तरावर चर्चिला जाणे गरजेचे आहे.