बांगडा नीट शिजवला, तरी त्रास का होतो?

‘व्यवस्थित शिजवलं की सगळं मरतं’ हे घरोघरी ऐकू येतं. जंतूंपुरतं ते बरंचसं खरंही आहे. पण बांगड्याच्या बाबतीत प्रश्न जंतूंनी मागे ठेवलेल्या रसायनाचा असतो.

बांगडा, कुपा म्हणजे ट्यूना, यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मेलेला मासा उबेत पडून राहिला की कल्ल्यांतले आणि आतड्यांतले काही जीवाणू त्याचं हिस्टामिन करतात. एकदा तयार झालेलं हिस्टामिन आचेला दाद देत नाही. तिरफळं घालून कितीही रटरटवा किंवा फ्रीझरमध्ये टाका, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात चेहरा लाल होतो, खाज सुटते, डोकं दुखतं. आणि आपण म्हणतो, मला बांगड्याची अ‍ॅलर्जी आहे!

मग ओळखायचं कसं? वास घेऊन? कुजका वास येतो तो दुसऱ्याच रेणूंमुळे. वास नसलेल्या माशातही हिस्टामिन असू शकतं. शिवाय एकाच माशाच्या दोन तुकड्यांत त्याचं प्रमाण वेगळं निघतं. म्हणजे एक तुकडा तपासून अख्खी टोपली पास करणं धाडसाचंच. (सॅम्पलिंगचं प्रकरण गाळणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

त्यामुळे भिस्त तापमानावर. बर्फातलाच मासा घ्या, थेट घरी या, कल्ले-आतडी लगेच काढून धुवा, 4 अंशांखाली ठेवा आणि लवकर संपवा. गोठवलेला असेल तर ओट्यावर नको, फ्रिजमध्येच सुटू द्या.