चाचणीच्या औषधाचा हिशेब शेवटच्या गोळीपर्यंत

औषधाचा व्यापार म्हटला की आपल्यासमोर घाऊक विक्रेता, केमिस्टचे दुकान आणि पाकिटावरची छापील किंमत येते. परंतु औषधांची एक वाहतूक अशीही आहे, जिच्यात पाकिटावर किंमत नसते, रुग्णाच्या हाती बिल पडत नाही आणि माल पोहोचला म्हणून व्यवहारही संपत नाही. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी माणसांवर त्याची चाचणी होते. त्या चाचणीचे औषध भरणे, साठवणे, पोहोचविणे आणि उरलेले परत घेणे हा आता स्वतंत्र व्यवसाय झाला आहे.

या कामाचा व्याप समजण्यासाठी कोव्हॅक्सिनचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळ्या केलेल्या विषाणूपासून हैदराबादच्या भारत बायोटेकने ही लस बनविली. तिच्या तिसऱ्या टप्प्यात १६ नोव्हेंबर २०२० ते ७ जानेवारी २०२१ या काळात देशातील २५ केंद्रांवर २५,७९८ स्वयंसेवक दाखल झाले. प्रत्येकाला २८ दिवसांच्या अंतराने दोन डोस द्यायचे होते. म्हणजे एकूण पन्नास हजारांहून अधिक डोस, तेही २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवून, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या व्यक्तीपर्यंत पोहोचवायचे!

कोणाला काय मिळाले?

अशा चाचणीत काही जणांना खरे औषध मिळते, तर काहींना प्लासिबो, म्हणजे दिसायला तसाच पण औषधी गुण नसलेला पदार्थ. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही. त्यामुळे दोन्हींची पाकिटे हुबेहूब सारखी असावी लागतात. पाकिटावर फक्त क्रमांक असतो. रुग्ण आला की संगणक क्रमांक सांगतो आणि तेच पाकीट द्यावे लागते. ते संपले म्हणून शेजारचे उचलून देता येत नाही.

येथेच पुरवठादाराची परीक्षा होते. कोणत्या केंद्रावर किती रुग्ण येतील हे आधी कळत नाही. जास्त माल पाठवावा तर महागडे औषध मुदत संपून वाया जाते. कमी पाठवावा तर रुग्णाचा डोस चुकतो. म्हणून मध्यवर्ती गोदामात साठा राखून केंद्रांना थोडा थोडा माल वेळेवर पाठविणे हाच उपाय ठरतो.

पेटी गरम झाली तर?

थंड ठेवायच्या औषधाच्या प्रत्येक पेटीत तापमान नोंदविणारे छोटे यंत्र असते. विमानतळावर पेटी उन्हात राहिली, तर ती वेळ आणि ते तापमान त्यात उमटते. असा माल वेगळा काढून ठेवावा लागतो व वापरायचा की नाही याचा निर्णय येईपर्यंत त्याला हात लावता येत नाही. बिघडलेले औषध दिसायला चांगल्यासारखेच असते. ते नकळत वापरले गेले, तर गुण आला नाही हा दोष औषधाचा की वाहतुकीचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. ज्यांनी आपले शरीर या चाचणीसाठी दिले, त्यांनी पत्करलेला धोका फुकट जाईल. या धंद्यात खरी जोखीम आहे ती ही.

जुना पण मोलाचा धडा

साखळीचा शेवटचा दुवा रुग्णाच्या घरात असतो. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयाच्या रुग्णांवर एक प्रसिद्ध चाचणी सुरू झाली. काहींवर आरोग्यधामात, तर काहींवर घरीच उपचार झाले. घरच्या रुग्णांकडे कर्मचारी न कळवता जात, उरलेले औषध मोजत आणि लघवी तपासून औषध घेतले की नाही याची खात्री करीत. घरचे उपचारही जवळजवळ तितकेच गुणकारी ठरले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची दिशा बदलली. गोळ्यांचा हिशेब नसता तर या निष्कर्षावर कोणी विश्वास ठेवला असता काय?

आज हा हिशेब कायद्यानेही बंधनकारक आहे. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार चाचणीचे औषध आयात करण्यास परवाना लागतो. लेबलवर औषधाचे नाव किंवा सांकेतिक क्रमांक, बॅच, मुदत, साठवणुकीची अट आणि चाचणी होणाऱ्या संस्थेचे नाव द्यावे लागते. उरलेला, खराब झालेला वा मुदत संपलेला माल नष्ट करून त्याची नोंद ठेवावी लागते. आलेला, दिलेला, परत आलेला आणि नष्ट केलेला माल यांचा मेळ बसलाच पाहिजे.

तरुणांसाठी वाट

फार्मसीचे शिक्षण घेतलेल्या तरुणांना केवळ दुकान हाच मार्ग नाही. चाचणी केंद्राचे औषधभांडार, मध्यवर्ती गोदाम, पाकिटे भरणे व लेबल लावणे, शीतपेट्यांची वाहतूक अशी कामे येथे आहेत. ज्यांच्याकडे शीतगृह किंवा वाहने आहेत, त्यांनाही शिरकाव होऊ शकतो. मात्र तयारी आधी करावी लागते. वीज गेल्यावर आपोआप चालू होणारे जनरेटर, वेळोवेळी तपासून घेतलेले तापमापक, प्रत्येक कामाची लेखी पद्धत आणि त्याच दिवशी केलेली नोंद नसेल, तर कोणतीही कंपनी माल सोपविणार नाही.

आपल्या शहरात कोणत्या चाचण्या चालू आहेत, हे कोणालाही विनामूल्य पाहता येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय वैद्यकीय चाचणी नोंदवहीत १५ जून २००९ पासून चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. या क्षेत्रात उतरू इच्छिणाऱ्यांनी तेथून आरंभ करावा. प्रथम जवळची केंद्रे शोधावीत, मग तेथील औषधभांडार कसे चालते ते समजून घ्यावे आणि त्यानंतरच भांडवल गुंतवावे.