आडवारची सुट्टी आणि तळ्यातली होडी

पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, गुरुवारी असते. तिथल्या कामगारांच्या कुटुंबांनी ती नौकाविहारासाठी जरूर वापरावी. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतला. तिथे रविवारी किंवा मे महिन्यात होडीसाठी रांग लागते. आडवारी तेच पाणी निवांत भेटतं. मुलांना वल्हं हातात धरून बघता येतं. मुख्य म्हणजे ‘अजून दोघं बसतील’ हा आग्रह टळतो. मुलांची शाळा बुडेल, ही शंका रास्त आहे. म्हणून शाळेच्या सुट्टीशी जुळणारा दिवस निवडावा.

मात्र आडवार म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. १८ जानेवारी २०२४ हा गुरुवारच होता. त्या दिवशी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शालेय सहलीची होडी उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिकांचा मृत्यू झाला. होडीत क्षमतेहून जास्त माणसं होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. ‘तळं लहान आहे, आम्हाला पोहता येतं’ असं कुणी म्हणेल. पण अचानक गार पाण्यात पडल्यावर दम लागतो, भिजलेले कपडे हालचाल अडवतात आणि पट्टीचा पोहणाराही गोंधळतो. जॅकेट मापाचं हवं, बंद घट्ट बांधलेले हवेत. मोठ्यांचं जॅकेट लहानग्याच्या डोक्यावरून निसटतं. जॅकेट मिळत नसेल, तर काठावरूनच परतावं. सुट्टी पुन्हा येते, माणूस येत नाही.