थंड दुधाचा अर्धवट उतारा

छातीत जळजळू लागलं की आपल्याकडे फ्रिजमधून थंड दुधाचा पेला निघतो. बरं वाटतं, हे खोटं नाही. उपाशी जठरातल्या रसाचा पीएच साधारण १.५ ते ३.५ असतो, दुधाचा साडेसहाच्या वर. दुधातली प्रथिनं काही आम्ल बांधून ठेवतात आणि अन्ननलिकेत चढलेलं आम्ल घोटाबरोबर खाली उतरतं.

गडबड नंतर होते. जठराच्या लेखी दूध म्हणजे जेवणच. त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पोहोचली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढतं आणि नवं आम्ल पाझरू लागतं. शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिप्पी यांनी १९१५मध्ये अल्सरच्या रुग्णांना तासातासाला दूध आणि क्रीम द्यायला सांगितलं. हे पथ्य अनेक दशकं चाललं. पुढे १९७६मध्ये अमेरिकेत प्रत्यक्ष मोजून पाहिलं, तर सायीचं, कमी सायीचं आणि बिनसायीचं, तिन्ही दुधांनी आम्ल वाढवलेलं निघालं! सायीचा आणखी एक तोटा असा, की स्निग्ध पदार्थांनी जठर उशिरा रिकामं होतं.

मुळात त्रास बहुतेकदा आम्ल जास्त झाल्याचा नसतो, ते नको तिथे गेल्याचा असतो. जठराला आतून श्लेष्माचा जाड थर आहे, अन्ननलिकेला तसं संरक्षण नाही. दोन्हींच्या सांध्यावर स्नायूंचं कडं असतं. पोट तुडुंब भरलं की ते पुन्हापुन्हा सैल पडतं. म्हणून काय प्यालात याइतकंच किती प्यालात, हेही बघायला हवं.

लोणी काढलेलं पातळ, ताजं ताक अनेकांना मानवतं. शिळं, आंबट ताक मात्र स्वतःच आम्ल आहे. कोकम सरबतही आंबटच. कोकणातले वाचक रागावतील, पण जळजळीवरचा उतारा म्हणून त्याचं नाव पुराव्यापेक्षा मोठं झालंय. पेपरमिंटचा चहा ते कडं आणखी सैल करतो. खायच्या सोड्याने आम्ल खरोखर मारलं जातं, पण त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पोट फुगवतो, ढेकर येते आणि ढेकरेसोबत आम्लही वर येऊ शकतं. शिवाय सोडियम. रक्तदाबवाल्यांनी रोज सोडा घेणं हा शुद्ध वेडेपणा.

साध्या पाण्याला कुणी औषध मानत नाही. अमेरिकेतल्या ४८ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत मात्र चहा, कॉफी किंवा सोडा पेयाच्या दोन कपांच्या जागी पाणी धरलं, तर त्रासाची शक्यता कमी दिसली. दूध आणि फळांच्या रसाने धोका वाढलेला दिसला नाही. मला विचाराल तर जळजळीवर नवं पेय शोधण्याआधी संध्याकाळचा एक चहा गाळावा. पाणी बसून, घोट घोट प्यावं आणि जेवणानंतर तीनेक तास आडवं होऊ नये.

घास अडकत असेल, वजन उतरत असेल किंवा शौचाला काळं होत असेल, तर मात्र पेयांच्या नादी न लागता डॉक्टर गाठावा. छातीत दाब येऊन घाम फुटला, तर दुधाचा पेला शोधण्यातही वेळ घालवू नये; थेट १०८ला फोन लावावा.