ब-कावीळ, भुईआवळी आणि प्राण्यांच्या रक्तातील खुणा

वनस्पती आणि प्रश्न

तिरुवैयारूच्या परिसरात, कावेरीच्या पाटांलगत, पावसानंतर वीत-दीड वीत उंचीचे एक तण माजते. त्याच्या पानांखाली बारीक हिरवी फळे ओळीने लोंबतात. मराठीत ही भुईआवळी, तमिळमध्ये कीळानेल्ली. शास्त्रीय नाव फिलँथस अमारस. ती वाटून ताकातून काविळीवर देण्याची रीत जुनी आहे. जवळच्या तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांच्या धन्वंतरी महालात माणसांसाठी तशीच जनावरांसाठीही औषधे तयार होत आणि रोग्यांच्या नोंदी ठेवल्या जात. त्या काळी कावीळ उतरली की नाही, हे डोळ्यांच्या पिवळेपणावरूनच ठरे. ब-कावीळ म्हणजे हिपॅटायटिस बी या आजारात मात्र डोळे निवळल्यावरही विषाणू यकृतात ठाण मांडून राहू शकतो. त्याचा माग रक्तातूनच काढावा लागतो.

तीन जातींच्या खुणा

पहिली जात विषाणूच्या स्वतःच्या घटकांची: पृष्ठप्रतिजन, ई-प्रतिजन आणि विषाणूचा डीएनए. दुसरी जात शरीराच्या प्रतिसादाची, म्हणजे प्रतिपिंडांची. तिसरी यकृताच्या इजेची. पेशी फुटल्या की त्यांतील विकरे रक्तात उतरतात. पृष्ठप्रतिजन बारूक ब्लुमबर्ग यांना 1960 च्या दशकात सापडले आणि त्यांना 1976 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याची मेख अशी की पूर्ण विषाणूकण सुमारे 42 नॅनोमीटरचा असतो, पण रक्तात त्याच्या हजारो पट संख्येने 22 नॅनोमीटरचे पोकळ कण फिरतात. त्यांत डीएनए नसतो. त्यामुळे पृष्ठप्रतिजन भरपूर म्हणजे विषाणूची वाढ जोरात, असे गणित मांडता येत नाही.

प्राणी कोणते

साध्या उंदराला हा विषाणू लागत नाही. उंदराच्या यकृतपेशीवरील ग्राहक प्रथिन मानवी प्रथिनापेक्षा थोडे वेगळे असते. म्हणून विषाणूचे नातेवाईक शोधले गेले. 1978 मध्ये वुडचक या उत्तर अमेरिकी कृंतकात एक सापडला, 1980 मध्ये पेकिन बदकात दुसरा. बदकात तो अंड्यातूनच पिलाकडे जातो. अशा पिलाच्या रक्तात डीएनए विपुल असतो, पण यकृताला इजा फारशी होत नाही. विषाणू मोजायला बदक चांगले, यकृतदाह अभ्यासायला तोकडे. वुडचकमध्ये दाह होतो, पुढे कर्करोगही होतो. तेथे इजेसाठी सॉर्बिटॉल डिहायड्रोजिनेज आणि गाठीच्या चाहुलीसाठी गॅमा-जीटी ही विकरे अधिक उपयोगी ठरली. माणसाच्या तपासण्या जशाच्या तशा उचलून चालत नाही, ते यासाठी.

भुईआवळीची परीक्षा

1987 मध्ये ब्लुमबर्ग यांच्या गटाने भुईआवळीचा अर्क वुडचकांना टोचला. नुकताच संसर्ग झालेल्या काही प्राण्यांच्या रक्तातून काही आठवड्यांत पृष्ठप्रतिजन आणि विषाणूच्या पॉलिमरेज विकराची क्रिया, दोन्ही नाहीशी झाली. प्राणी मोजकेच होते आणि संसर्ग ताजा होता. ताजा संसर्ग आपोआपही ओसरतो, ही शंका उरतेच. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी ब्लुमबर्ग यांच्यासह वाहक रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. 200 मिलिग्रॅम चूर्ण दिवसातून तीनदा, 30 दिवस. औषध घेतलेल्या 37 जणांपैकी 22 जणांचे पृष्ठप्रतिजन गेले, औषधासारखी दिसणारी निष्क्रिय पूड घेतलेल्या 23 पैकी एकाचे. आशा वाढणे साहजिक होते. मात्र निष्कर्षाचा सारा भार एका खुणेवर होता आणि तपासणी उपचार संपल्यावर दोन-तीन आठवड्यांतच झाली होती.

पृष्ठप्रतिजन गेले म्हणजे विषाणूची वाढ थांबली का, हा प्रश्न बदकांनी नेमका केला. 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातील गटाने जन्मतः संसर्ग झालेल्या बदकांत पृष्ठप्रतिजन आणि डीएनए, दोन्ही मोजले. पृष्ठप्रतिजनावर किरकोळ परिणाम दिसला; विषाणूच्या डीएनएची वाढ रक्तातही घटली नाही, यकृतातही नाही. 1993 मध्ये दिल्लीच्या एम्समधील पेकिन बदकांवरील अभ्यासांतूनही खात्रीचे औषध हाती लागले नाही. थायलंड आणि न्यूझीलंडमधील रुग्णांवरच्या चाचण्यांतही मद्राससारखे यश आले नाही. वाण, मात्रा, अर्क काढण्याची पद्धत यांत फरक होते, हे खरे. तरीही दोन्ही खुणा शेजारी ठेवणारा बदकांचा अभ्यास अधिक विश्वसनीय वाटतो.

मर्यादा

रक्तातला डीएनए दिसेनासा झाला तरी यकृतपेशीच्या केंद्रकात विषाणूचे वर्तुळाकार डीएनए टिकून राहते आणि उपचार थांबताच त्यापासून नवे विषाणू तयार होऊ लागतात. प्राण्यात यकृताचा तुकडा वेळोवेळी तपासता येतो, हा प्राण्यांवरील अभ्यासाचा मोठा फायदा. अडचणही तितकीच व्यावहारिक आहे. मानवी यकृतपेशी रुजवलेल्या उंदरात हाच विषाणू वाढवता येतो, पण अख्ख्या उंदरात रक्तच जेमतेम दीड-दोन मिलिलिटर. त्यातील काही थेंबांत डीएनए, प्रतिजन आणि पेशी रुजल्याची खूण असलेले मानवी अल्ब्युमिन हे सारे मोजायचे असते.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिंपांझींवरील अभ्यासाने पृष्ठप्रतिजनाचा आणखी एक गुंता दाखवला. ई-प्रतिजन नसलेल्या प्राण्यांत पृष्ठप्रतिजन मुख्यतः चिंपांझीच्याच गुणसूत्रांत शिरून बसलेल्या विषाणू-डीएनएच्या तुकड्यांपासून तयार होत होते. त्या तुकड्यांपासून नवा विषाणू बनत नाही. प्रतिजन मात्र रक्तात येत राहते.